फळाची पुडी

१२ ऑगस्ट

बाबा,

वर मायना लिहिलेला नाही. तो राहून गेला असं समजू नका. खात्री नसेल तर विशेषण लावू नये, हे तुम्हीच शिकवलंत, आणि 'तीर्थरूप' या शब्दाबद्दल माझी खात्री तीन वर्षांपूर्वी गेली. शिरसाष्टांग नमस्कारही करत नाही. खुर्चीत बसून लिहिते आहे. खोटं कशाला लिहू?

पत्र कामाचं आहे. आमच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे तुमच्या भाषेत 'वाळक्या गवताच्या गोदामात', सध्या जुन्या नमुन्यांची फेरतपासणी चालू आहे. कागदावर चिकटवलेली एकेक वनस्पती काढायची, भिंगाखाली पाहायची, तिचं नाव बरोबर आहे की नाही ते चिठ्ठीवर लिहायचं, सही करायची. तेरड्याचं कुळ माझ्या टेबलावर आलं. एकशे बारा शीट्स. त्र्याण्णवावं तुमचं निघालं.

तुम्हाला आठवण करून द्यायला नको, तरी नोंदीसाठी लिहिते. तेरा वर्षांपूर्वी आपल्या घरामागच्या टेकडीपलीकडच्या ओढ्याकाठी सापडलेली नवी जात म्हणून तुम्ही जिचं वर्णन छापलंत, जिला आईचं नाव दिलंत, तिचा हा मूळ नमुना. दुसरं शीट जगात नाही. ती जात उभी राहणार की पडणार हे या एका कागदावरून ठरतं, आणि ३० सप्टेंबरच्या आत ते मला लिहून द्यायचं आहे. प्रमुखबाईंनी विचारलं, वडिलांचं आहे, दुसऱ्या कुणाला देऊ का? मी नको म्हटलं. दुसऱ्याने पाहिलं असतं तर त्याला दया आली असती.

शीट दिसायला सुरेख आहे. मूळ, खोड, पानं, फुलं आणि उजव्या कोपऱ्यात चार घड्यांची फळाची पुडी. लेबलावर तुमचं ते कोरल्यासारखं अक्षर. 'गोळा करणारा' या रकान्यात तुमचं नाव. वाचून हसू आलं. गुडघाभर पाण्यात मी होते. तुम्ही काठावर छत्री धरून उभे होतात.

नमुन्याबद्दल मला शंका आहे. मूळ लेखकाला कळवावं असा इथला शिरस्ता आहे, म्हणून कळवते. तुमचं काही म्हणणं असेल तर लेखी द्या. फोन करू नका. तुम्ही करणार नाही हे माहीत आहे, तरी लिहून ठेवते.

२६ ऑगस्ट

बाबा,

उत्तर नाही. ठीक.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात तुम्ही छत्री धरून उभे होतात असं लिहिलं, ते अर्धवट आहे. छत्री तुम्ही स्वतःवर धरली नव्हती. टीपकागदांवर धरली होती, ते भिजू नयेत म्हणून. तुम्ही भिजत होतात. ही गोष्ट दोन आठवडे मला टोचत राहिली. तुमच्या बाजूने काही लिहायची हौस नाही, पण चुकीचं विधान माझ्या अक्षरात नको.

आता फूल. तेरड्याचं फूल दाबलं की त्याचा चोथा होतो, वाळल्यावर काही कळत नाही. तुमच्या लेखात तुम्ही याच गोष्टीचा आडोसा घेतला होता: 'फुलाचे बारकावे सुकलेल्या नमुन्यात दिसत नाहीत.' दिसतात, बाबा. गरम पाण्यात साबणाचा एक थेंब टाकायचा, फूल त्यात सोडायचं, दहा मिनिटांनी ते पुन्हा फुलासारखं पसरतं. मी पसरवलं. मागची शेपटी आखडून वळलेली, खालच्या ओठावर ठिपके. हा साधा रानतेरडा आहे. ओढ्याच्या काठी, पुराने आणून टाकलेल्या गाळात, रस्त्यासाठी उकरलेल्या मातीत, जिथे जमिनीची उलथापालथ होते तिथे एका पावसाळ्यापुरता उगवतो आणि मरतो. आमच्याकडे त्याची एकोणतीस शीट्स आहेत. तुमचं तिसावं.

मग उरलं फळ. तुमच्या जातीचा सगळा डोलारा फळावर उभा आहे: 'बोंड फुगीर, दाट लवेचे, या प्रदेशातील कोणत्याही रानतेरड्याशी न जुळणारे.' पुडीतली बोंडं खरंच फुगीर आहेत, खरंच लवेची आहेत. समोरच्या टेबलावर गवतांचं काम बघणाऱ्या बाई आहेत, त्यांनी सहज भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तर माझ्या गॅलरीतल्या कुंडीतलं." त्यांना गवताखेरीज काही येत नाही असं त्या स्वतःच सांगतात. त्यांना तीन सेकंद लागले.

तुम्हाला तेरा वर्षं पुरली नाहीत. घरात बागेतल्या झाडाचं नाव काढलं की तुम्ही म्हणायचात, "कुंडीतल्या झाडांना मी वनस्पती मानत नाही." म्हणून तर मोरीच्या सांडपाण्यावर आईने लावलेला तेरडा तुम्ही कधी पाहिला नाहीत. मोरीकडे जायची वेळ तुमच्यावर कधी आली नाही. डोंगरापलीकडचं शेवाळ ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या परसात काय उगवतं ते ठाऊक नव्हतं. आणि असा माणूस मला शाळेत घालायला तयार नव्हता, कारण शाळेत 'निरीक्षण शिकवत नाहीत'!

तुमच्या शाळेचं वर्णन मी इथे कुणाला सांगत नाही. स्वयंपाकघराचं टेबल, सकाळी आठ ते बारा, एक विद्यार्थिनी. नमुना आणायचा, दाबायचा, मांडायचा. मूळ, खोड, पान, फूल, फळ, पाचही हवेत. एक कमी असलं की तुम्ही शीट बोटाच्या टोकाने मागे सरकवायचात आणि लाल पेन्सिलीची चिठ्ठी वर ठेवायचात: 'अपुरा. पुन्हा आणा.' रागावायचा नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं. त्या चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत. एक्केचाळीस. कालच पुन्हा मोजल्या.

'अपुरा नमुना म्हणजे खोटा नमुना.' हे वाक्य माझ्या हातात इतकं मुरलं आहे की अजून भाजी चिरताना देठ टाकवत नाही.

म्हणणं लेखी द्या, हे पुन्हा सांगते.

९ सप्टेंबर

बाबा,

ओढ्यावर जाऊन आले. घरावरून गेले नाही. पलीकडच्या पुलाकडून उतरले. तुम्ही लेखात लिहिलं होतं, 'ही जात फक्त या एका वळणावर आढळते, अन्यत्र नाही.' तिथे आता जमिनीखालून पाइप टाकले आहेत. यंत्राने काठ उकरला, माती उलटीपालटी करून टाकली. आणि त्या उकरलेल्या पट्ट्यावर, पुलापासून पार विटांच्या ढिगापर्यंत, तुमची 'एकमेव' जात शेकड्यांनी उभी आहे. तिला तुमच्या संरक्षणाची गरज नव्हती. कुदळ पुरेशी होती.

बोंडं आणली. गुळगुळीत आहेत, सडसडीत, एकही लव नाही. म्हणजे शंका संपली. एका कागदावर दोन झाडं आहेत: ओढ्याचं फूल आणि मोरीपाशी उगवलेलं फळ.

आता मला लिहायचं आहे की दुसऱ्या झाडाचं फळ पुडीत आलं कसं. 'नमुन्यात नजरचुकीने मिसळ' एवढं लिहिलं तरी चालतं. असं होतं, रोज होतं, कुणी विचारत नाही. मी ते वाक्य चार वेळा लिहिलं आणि चार वेळा खोडलं. गेली दोन पत्रं मी तुम्हाला हिणवते आहे, आणि एक गोष्ट चापून दाबून ठेवली आहे. तुमच्या चुकीवर एवढं तोंड सोडणाऱ्या बाईने ती सांगितली नाही तर ती तुमच्यापेक्षा हलकी ठरेल. तेवढं हलकं व्हायची माझी तयारी नाही.

फळं मी घातली.

तुम्ही तीनदा शीट परत केलं होतंत, फळ नाही म्हणून. चिठ्ठी क्रमांक सतरा, अठरा आणि एकोणीस. मी चौथ्यांदा ओढ्यावर गेले. तेरड्याचं पिकलेलं बोंड कसं असतं ते तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. मी हाताने शिकले. बोट लागलं की ते फुटतं, बी उडून पाण्यात जातं आणि हातात वळलेली साल उरते. दुपारपर्यंत मी पाण्यात होते. सगळी पिकलेली, एकही बोंड अख्खं हाती लागलं नाही. घरी आले ती थेट मागच्या दाराने. मोरीपाशी आईचा तेरडा होता. त्याची बोंडं मोठी, कच्ची, न फुटणारी. चार तोडली, पुडीत घातली, पुडी शीटवर लावली आणि तुमच्यासमोर ठेवली. मी अकरा वर्षांची होते. वय सबब म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगते.

मला वाटलं होतं तुम्ही लगेच पकडाल. तुम्ही पुडी उघडलीत, भिंग धरलंत आणि ते आणखी जवळ नेलंत. मी म्हटलं, संपलं. तुम्ही म्हणालात, "ही लव पाहिलीस?" मग तुम्ही उठून खिडकीशी गेलात, परत आलात, पुन्हा पाहिलंत, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात. त्याआधी कधी ठेवला नव्हता. नंतरही नाही. त्या हाताखाली मी काय बोलणार होते? तुम्ही आईला हाक मारलीत, आणि आई कणकेच्या हातांनी बाहेर आली, आणि तुम्ही तिला म्हणालात, "आता तुझं नाव पुस्तकात जाणार."

याच ऑफिसने तुम्हाला दोनदा नोकरी नाकारली होती. तुम्हाला नवी जात हवीच होती, आणि मी ती तुम्हाला दिली. तुम्ही नीट पाहिलं असतंत तर दिसलं असतं. तुम्ही पाहिलं नाहीत. तुम्हाला फक्त मिळालं.

एक गोष्ट सांगते, तुम्हाला पटणार नाही. तीन वर्षांपूर्वी, इथे नोकरीच्या पहिल्या दिवशी मी कपाट उघडलं. निम्म्या शीट्सवर पुड्या रिकाम्या होत्या आणि वर सरळ लिहिलेलं होतं: 'फळ नाही.' मोठमोठ्या लोकांच्या सह्या खाली. कुणी ती शीट्स परत केलेली नव्हती. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि तोंड धुऊन कामाला बसले. त्याच संध्याकाळी तुमच्या नावाने पाठवायला घेतलेलं पत्र फाडलं. तुम्हाला वाटतं मी तुमचं ऐकलं नाही, 'लेबलं चिकटवायला' आले, म्हणून आपलं बोलणं बंद आहे. तसं समजा. खरं कारण ते कपाट आहे.

१९ सप्टेंबर

बाबा,

आई येऊन गेली. तुम्हाला दातांच्या डॉक्टरकडे जाते असं सांगून आली होती. दात उत्तम आहेत.

तिला टेबलाशी बसवून शीट दाखवलं. तिने ते कधी पाहिलंच नव्हतं. तुम्ही तिचं नाव दिलंत, झाड दाखवायचं राहून गेलं. भिंगातून बोंडं पाहिली आणि म्हणाली, "हे माझंच की." मी सगळं सांगायला लागले तर तिने हात वर केला. तिला माहीत होतं. मोरीपाशी बसून मी बोंडं तोडत होते ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होतं. तेरा वर्षं बोलली नाही. मी विचारलं, का?

"मला वाटलं, एवढा शिकलेला माणूस, ओळखेल. नाही ओळखलं. मग म्हटलं जाऊ दे, बऱ्याच दिवसांनी घरात कुणाचा तरी आवाज आनंदाने चढलाय. तुला बोलले असते तर तू मेली असतीस, त्यांना बोलले असते तर ते. मी आपली पोळ्या लाटत राहिले."

मला या नावाचीच धास्ती होती. चिठ्ठीवर सही केली की जात बुडते, जातीबरोबर आईचं नाव बुडतं. रानतेरड्याच्या खाली बारीक अक्षरात, रद्द झालेल्या नावांच्या यादीत. हे तिला कसं सांगायचं याची मी महिनाभर जुळवाजुळव करत होते. तिने शीट माझ्याकडे सरकवलं. बोटाच्या टोकाने नाही, पूर्ण हाताने. म्हणाली, "काढून टाक. मला माझं नाव आहे, ते झाडावर वाळत घालायची गरज नाही." मग पर्स उचलता उचलता म्हणाली, "तसं अगदीच चुकलं नव्हतं म्हणा. फळं तरी माझ्याच झाडाची होती."

समोरच्या गवतवाल्या बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

जाताना तिने सांगितलं, तुम्ही तिन्ही पत्रं वाचलीत. पहिली दोन आरामखुर्चीत, तिसरं उभ्याने. नंतर मागच्या दाराने परसात गेलात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आईने खिडकीतूनच पाहिलं. तिची ती जागा ठरलेली आहे. तुम्ही मोरीपाशी वाकलात आणि तेरड्याच्या एका पिकल्या बोंडाला बोट लावलंत. ते फुटलं आणि तुम्ही दचकून मागे सरलात. बी चष्म्यावर उडालं.

तेरा वर्षं उशिरा का होईना, निरीक्षण केलंत. अभिनंदन.

२९ सप्टेंबर

बाबा,

चिठ्ठी आज दिली. नक्कल खाली उतरवते, म्हणजे ऐकीव माहितीवर विसंबायला नको.

'फूल, पान, खोड, मूळ: ओढ्याकाठचा साधा रानतेरडा. पुडीतील फळे: बागेतील तेरडा. ही फळे खाली सही करणारीने, वय वर्षे अकरा असताना, जाणूनबुजून घातली. स्वतंत्र जात नाही. "गोळा करणारा" या रकान्यातील नाव अपुरे आहे. ओढ्यातून नमुना काढणारीही हीच.'

प्रमुखबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, 'जाणूनबुजून' काढ, 'नजरचुकीने' लिही, कुणाचं काही बिघडत नाही. मी नाही म्हटलं. "मुली, हे कायमचं राहणार आहे. शंभर वर्षांनी कुणीतरी कपाट उघडून वाचेल." मी म्हटलं, म्हणूनच. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमच्या घरात सगळे असेच आहेत का?"

मी सांगितलं, आई नाही.

तुमच्याबद्दल एक शब्द मी चिठ्ठीत लिहिलेला नाही. 'लेखकाने फळाची तुलना केलेली दिसत नाही' असं लिहिता आलं असतं. ते खरंही आहे. लिहिलं नाही. हे उपकार समजू नका. जागा संपली होती.

६ ऑक्टोबर

बाबा,

पार्सल मिळालं. पत्र नव्हतं, दोन पुठ्ठ्यांमध्ये एक शीट, सुतळीने बांधलेलं.

दाबणी वाईट आहे. पानं एकावर एक चढली आहेत. मुळाची माती धुतलेली नाही. एक फूल टीपकागदाला चिकटून फाटलं आहे. असलं शीट मी आणलं असतं तर चिठ्ठी क्रमांक बेचाळीस मिळाली असती. लेबलावर जागा बरोबर, तारीख बरोबर: २७ सप्टेंबर. आई फोनवर म्हणाली, गुडघ्याला पट्टा बांधून एकटे गेलात आणि कमरेपर्यंत चिखलात भरून आलात. या वयात, निसरड्या काठावर, काठी न घेता. मूर्खपणा कशाला म्हणतात याचा हा मात्र संपूर्ण नमुना.

'ओळख' हा रकाना तुम्ही कोरा ठेवला आहे.

उजव्या कोपऱ्यात पुडी आहे, तुमच्या पद्धतीच्या चार घड्यांची. मी ती चिमट्याने उघडली. आत एक साल होती, फुटून वळलेली. बाकी काही नाही. पुडीवर तुमचं अक्षर. कोरल्यासारखं नाही आता, थोडं हलतं:

'फळ मिळाले नाही. हात लागताच फुटते.'

गवतवाल्या बाईंनी विचारलं, काय आलंय? मी म्हटलं, काही नाही, घरून एक पुडी आली आहे. त्यांनी विचारलं, रिकामी? मी हो म्हटलं. मग मला जरा बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

'ओळख' मी भरली आहे: साधा रानतेरडा. फुलावरून कळतो. फळाची गरज नव्हती. तेव्हाही नव्हती. शीट नोंदवून घेतलं, नंबर पडला, कपाटात जाईल. इथे असली शीट्स घेतात.

सोबत लाल पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी ठेवली आहे: 'अपुरा. पुन्हा आणा.' जपून ठेवा. तुमची पहिलीच आहे.

रविवारी सकाळी येते. घरावरूनच येईन. पिकल्या बोंडाला हात लावायचाच नसतो. आधी खालून पिशवी धरायची आणि मग वरचा देठ कापायचा. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, तुम्हाला शिकवेन. काठी घ्या. पाण्यात तुम्ही उतरायचं. छत्री मी धरेन.